बालहक्कांचा फोटो आणि त्याखालची ओळ

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ ते २० नोव्हेंबर हा आठवडा बालहक्क सप्ताह म्हणून पाळला जातो. १४ तारखेला बालदिन, आणि २० नोव्हेंबर १९८९ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांचा करार मंजूर केला. आठवडा जवळ आला की पंचायत समितीपासून शाळेच्या व्हरांड्यापर्यंत पोस्टरांची लगबग सुरू होते आणि दरवर्षी दोनच तऱ्हेचा माल हाती येतो. एका तऱ्हेत कराराच्या ५४ कलमांपैकी पंधरा-वीस कलमं बारीक अक्षरात कोंबलेली असतात. 'बालकाच्या सर्वोत्तम हितास प्राधान्य' असलं काही वाचून सातवीतलं पोरगंही पुढं सरकतं. दुसऱ्या तऱ्हेत इंटरनेटवरून उतरवलेला मळकट, रडका चेहरा आणि खाली लाल अक्षरात 'बालमजुरी थांबवा'. हे साहित्य तयार करणं आणि वर्गात वापरणं, दोन्ही आमच्या रोजच्या कामात येतं. फोटो बरा की मजकूर बरा, या वादात काही गोष्टी कायम निसटतात. त्या आपल्या वाचकांपुढं, त्यातही गुरुजी-मॅडम आणि अंगणवाडी सेविकांपुढं मांडाव्यात म्हणून हे पत्र.

आमचं म्हणणं असं, की फोटोनं मुलं बोलती होतात, पण हक्क फोटोत मावत नाही. हक्काला वयाची अट असते, वेळेची अट असते, कोणीतरी जबाबदार असतो आणि तक्रारीला एक ठिकाण असतं. यातलं काहीही कॅमेऱ्याला दिसत नाही. ते ओळीतच लिहावं लागतं.

कापसाचंच घ्या. पराटीच्या ओळीत कमरेला ओटी बांधून उभी असलेली बारा वर्षांची मुलगी. असा फोटो पोस्टरवर टाकून खाली 'बालमजुरी' लिहिलं, की विदर्भातल्या निम्म्या वर्गाला आपल्याच घरावर बोट ठेवल्यासारखं होतं. कारण घरच्या शेतात रविवारी दोन तास वेचायला जाणं हे इथल्या कास्तकाराच्या लेकरांना नवीन नाही, आणि कायद्याचंही त्याला ना नाही. २०१६ साली दुरुस्त झालेल्या बालमजुरी कायद्यानं १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे. शेतीसारख्या कामात सूट आहे ती कुटुंबाला मदतीची, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, आणि काम धोक्याचं नसेल तरच. १४ ते १८ या वयात धोक्याची कामं बंद. तेव्हा तोच फोटो एका घरात कायदेशीर, तर शेजारच्या घरात मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असा गुन्हा ठरतो. फरक कशात आहे? शेत कोणाचं, वार कोणता, वय किती. तिन्ही गोष्टी चौकटीबाहेर. म्हणून कापसाच्या फोटोखाली घोषणा नको, हे तीन प्रश्न हवेत. मुलं त्यावर हिरीरीनं भांडतात, आणि भांडता भांडता कायदा पाठ होतो.

अंतराचंही तसंच. पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून नाला ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यांचे फोटो आपल्याकडं 'शिक्षणाची जिद्द' म्हणून छापले जातात, फिरवले जातात. पाहणाऱ्याच्या मनात कौतुक उभं राहतं. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, हा नियम मात्र त्या फोटोतून कोणालाच कळत नाही. जिद्दीचं कौतुक जरूर करा, पण खाली ती ओळ टाका.

काही हक्कांचा फोटो निघतच नाही आणि काढूही नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. टोचून बोलणं, जातीवरून हिणवणं, सगळ्यांदेखत अपमान करणं यांचा फोटो कसा काढणार? छडी उगारलेल्या हाताचं चित्र दाखवलं तर मुलं खुदकन हसतात आणि म्हणतात, "त्यानं मस्ती केली असन." म्हणजे चित्रानं दोष मुलाच्या माथी मारला. इथं साधी ओळच बरी: 'गुरुजी मारणार नाहीत, टोचून बोलणार नाहीत. हा कायदा आहे.' बालविवाहाचा प्रकार याहून फसवा. मुंडावळ्या बांधलेल्या छोट्या नवरीचा फोटो तिसरी-चौथीतल्या मुलींना चक्क आवडतो. शालू, हिरवा चुडा, मेंदी. इशारा द्यायचा होता आणि हौस जागी झाली. त्यापेक्षा मुलीसाठी १८, मुलासाठी २१ हे आकडे मोठे छापा आणि खाली लिहा की गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर (आता ग्रामपंचायत अधिकारी) आहे. लैंगिक अत्याचाराच्या विषयात तर फोटो पूर्ण वर्ज्य. तिथं रेखाचित्र आणि तोंडी संवाद, एवढंच.

आता चेहऱ्यांबद्दल. ओळखू येईल असा मुलाचा चेहरा पोस्टरवर असला, की वर्गातला पहिला प्रश्न ठरलेला: "हे कोणाचं पोट्टं होय?" तास तिथंच संपतो. तालुक्यातलंच मूल असलं तर दोन दिवसांत नाव, आडनाव, गाव सगळं निघतं. मुलांना अभिनय करायला लावून काढलेल्या फोटोंचीही तीच गत. ज्यानं वीटभट्टीवरच्या मजुराचं सोंग केलं, त्याला पुढचं वर्षभर 'भट्टीवाला' म्हणून हाका. डोळ्यांवर काळी पट्टी ओढणं हा उपाय नव्हे. गणवेशाचा रंग, भिंतीवरचं शाळेचं नाव, गळ्यातलं ओळखपत्र, मागचा पाण्याच्या टाकीवरचा गावाचा उल्लेख, यातलं एकही पुरेसं असतं. शिवाय त्या पट्टीनं मूल गुन्हेगारासारखं दिसतं ते वेगळंच. बालन्याय कायद्याचं कलम ७४ आणि पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ संबंधित मुलांची ओळख उघड करायला मनाई करतात, हे आपल्या उपसंपादकांना ठाऊक असतंच. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपला बहुधा ठाऊक नसतं.

पालकांची सही घेतली म्हणजे संमती झाली, असंही समजू नये. गुरुजींनी किंवा सरपंचांनी कागद पुढं केला तर गावात नाही कोण म्हणतं? आधी छापलेला नमुना दाखवावा, कुठं लागणार आणि किती दिवस हे सांगावं, एक रात्र जाऊ द्यावी आणि मग सही मागावी. मुलाला वेगळं विचारावं. करारातलं कलम १२ म्हणजे मुलाचं म्हणणं ऐकून घेणं, त्याची सुरुवात इथूनच होते. बसस्टँडवर फ्लेक्स लागल्यावर मन बदललं तर फ्लेक्स उतरवता येतो, मोबाइलमध्ये गेलेला फोटो उतरवता येत नाही.

मग फोटो कशाचे काढायचे? जागांचे आणि वस्तूंचे. कडी तुटलेलं मुलींचं शौचालय. हापशाभोवतीचा चिखल. सलग दहा दिवस गैरहजेरीच्या खुणा असलेलं हजेरीपत्रकाचं पान, नावं झाकून. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर ठेवलेलं दप्तर आणि शेजारी वेचलेल्या कापसाचं गाठोडं. फवारणीचा पंप आणि त्यालाच लटकवलेली पाण्याची बाटली. अशा फोटोत माणूस नसतो, त्यामुळं मुलं माणूस शोधायला लागतात: दप्तर कोणाचं, तो गेला कुठं, पाणी कोण पिणार? चर्चेला याहून चांगली सुरुवात मिळत नाही. हे फोटो मुलांनाच काढायला सांगितले तर आणखी बरं. शाळेच्या आवारात आणि रस्त्यावर, चार-पाच जणांत एक मोबाइल, प्रत्येकी तीनच फोटो, माणसांचे चेहरे न घेता. मर्यादा तीनची ठेवली नाही तर दोनशे सेल्फी येतात.

पंपाचा फोटो घ्याच, कारण विषय जीवघेणा आहे. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा अशा रंगांचं चौकोनी चिन्ह असतं. लाल सगळ्यात जहाल, हिरवा त्या मानानं सौम्य. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून केलेली ही सोय. पण हिरवा म्हणजे पिकाला चांगला, बिनधोक, असा अर्थ सहज लावला जातो. हिरवं चिन्हही विषाचंच आहे, हे कोणी शब्दांत सांगितल्याशिवाय रंगावरून समजत नाही. चित्र सोपं असतं म्हणून ते आपोआप बरोबर वाचलं जातं, या समजुतीला याहून ढळढळीत उत्तर नाही.

लाल फुलीचाही असाच घोळ आहे. मारहाणीच्या चित्रावर फुली मारून 'हे करू नका' म्हणायची पद्धत मोठ्यांना कळते, पहिली-दुसरीच्या मुलांना नाही. त्यांना फुलीमागचं चित्र दिसतं, आठवड्यानंतर तेच आठवतं आणि फुली गळून जाते. जे व्हायला हवं तेच दाखवा. फोटोंची मालिका लावली तर कोपऱ्यात ठळक १, २, ३ घाला. ज्या मुलांना अजून वाचनाची सवय नाही, ती डावीकडूनच सुरुवात करतील याचा भरवसा नसतो.

विदर्भ एकच, असं धरून एकच संच छापणं ही आणखी एक नेहमीची चूक. वऱ्हाडात कापूस-सोयाबीन, झाडीपट्टीत धानाची बांधी, मेळघाट-गडचिरोलीत मोहफूल आणि तेंदूपत्ता. धानाच्या रोवणीचा फोटो अकोल्याच्या मुलांना परका, पराटीचा गोंदियाच्या मुलांना. बाक, टाय आणि बूट असलेल्या शहरी शाळेचा फोटो तर दोघांनाही सांगतो की हा हक्क दुसऱ्या कोणाचा आहे. किमान तीन संच लागतात. भाषेचं तर विचारूच नका. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, माडिया-गोंडी आणि कोलामी द्राविडी. मराठीशी यांचं नातं शेजाराचं, रक्ताचं नाही. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या पहिलीतल्या कोरकू मुलाला आपला 'सोपा मजकूर' सोपा नसतोच. तिथं फोटोवर भार जास्त द्यावा आणि प्रश्न कोरकूतून विचारावेत. देवनागरीत लिहिलेली कोरकू ओळ वर, मराठी खाली. गावातल्या अंगणवाडी सेविकेकडून ती ओळ मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय छापू नये.

मजकुराचं म्हणाल तर एका फोटोला एकच ओळ, आठ-दहा शब्दांची, एका क्रियापदाची. 'प्रत्येक बालकास जन्मनोंदणीचा अधिकार आहे' याऐवजी 'बाळाचा जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवा, पैसे लागत नाहीत'. त्याखाली बारीक दुसरी ओळ: कोणाकडं जायचं. ग्रामपंचायत, मुख्याध्यापक, गावच्या बाल संरक्षण समितीतले सरपंच आणि अंगणवाडी सेविका, आणि मुलांसाठीचा मदतीचा फोन १०९८. हा क्रमांक दोन्ही लिपींतल्या अंकांत छापा, कारण मोबाइलच्या बटणांवर देवनागरी अंक नसतात आणि लहान मुलं आकारावरून बटण शोधतात.

छपाईत पैसा कुठं वाया जातो, तेही सांगतो. व्हरांड्यात पंचवीस मुलं बसली तर शेवटचं मूल साधारण ४ मीटरवर असतं. तिथून कच्च्या वाचकाला वाचता यायला अक्षर शिरोरेघेपासून पायापर्यंत निदान २ सेंटिमीटर हवं, नाहीतर अनुस्वार आणि उकार गायब होतात. ए-थ्री कागदावर या मापानं आठ-दहा शब्द दोन-तीन ओळींत बसतात. त्याहून जास्त कोंबायचा मोह झाला की समजावं, वाक्य लांबलं. फोटोतली मुख्य वस्तू निम्मी चौकट तरी व्यापणारी असावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं आलेल्या फोटोची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. ए-थ्रीची लांबी साडेसोळा इंच, म्हणजे इंचाला शंभर ठिपकेही मिळत नाहीत आणि फोटो पुसट येतो. तेव्हा फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी. पण त्यात एक मेख आहे: डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत कुठं काढला त्याची नोंदही तशीच राहते. म्हणून काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करावं. लॅमिनेशन चकाकतं आणि खिडकीसमोरच्या मुलांना फक्त उजेड दिसतो. मॅट घ्यावं किंवा नुसताच जाड कागद. उन्हातल्या फ्लेक्सचा रंग आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये उडून जातो. आधी लाल रंग जातो, आणि हटकून महत्त्वाचा मजकूर लालच असतो. काळा वापरा.

झेरॉक्सला फोटो कधीच देऊ नका. सावळ्या चेहऱ्याचा आणि सावलीतल्या वस्तूचा काळा डाग होतो. फोटोचा प्रिंट खिडकीच्या काचेला चिकटवून वर बटर पेपर धरावा आणि जेल पेननं फक्त बाह्यरेषा आणि चार-पाच आवश्यक रेषा उतरवाव्यात, पार्श्वभूमी सोडून द्यावी. हे रेखाचित्र झेरॉक्समध्ये स्वच्छ येतं, मुलं त्यात रंग भरतात, आणि ओळखीचा प्रश्नही मिटतो. आमच्या मते ग्रामीण शाळेसाठी फोटो आणि मजकूर यांच्या वादात सगळ्यात दुर्लक्षित राहिलेला हा तिसरा पर्याय आहे. यात फोटोचा नेमकेपणा राहतो आणि नको तो तपशील गळतो.

छापण्याआधी एक चाचणी घ्या. वेगवेगळ्या इयत्तांतली पाच-सहा मुलं, एकेकटी. "समजलं का?" असं विचारू नका, सगळी "हो" म्हणतात. "काय दिसतं?" विचारा आणि मूल म्हणेल ते शब्द जसेच्या तसे लिहा. दोघांनी जरी भलतंच सांगितलं, तरी चित्र बदला.

वर्गात वापरताना फोटोच्या कार्डाखालची मजकुराची पट्टी मागं दुमडून ठेवावी. पाच-सहा मुलांच्या गटाला एक कार्ड. वर्गभर एकच कार्ड फिरवलं तर मागचे कंटाळतात. दोन मिनिटं नुसतं पाहणं. मग काय दिसतं, त्यानंतर काय दिसत नाही. हा दुसरा प्रश्न घाईत गाळला जातो, आणि खरा विषय तिथंच असतो. त्यानंतर पट्टी उलगडून एकानं मोठ्यानं वाचायची, वहीत उतरवायची, आणि शेवटी "मग सांगायचं कोणाले?" एका तासिकेत दोन फोटो पुरे. सुरुवातीलाच "यातून काय बोध मिळतो?" विचारलं की पुस्तकी उत्तर येतं आणि चर्चा बंद पडते. आठ दिवसांनी तोच प्रश्न, फोटो न दाखवता. मुलांना गाठोडं आणि दप्तर आठवलं पण कोणाला सांगायचं ते आठवलं नाही, तर ओळ कमी पडली, असं समजून तीच बदलावी.

अमेरिकेत लुईस हाईन यांनी १९०८पासून राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी गिरण्या-खाणींतल्या मुलांचे फोटो काढले. त्यांचं नाव फोटोच्या ताकदीचा पुरावा म्हणून नेहमी घेतलं जातं. पण ते प्रत्येक मुलाचं वय, काम, तास टिपून घेत. कोटाच्या बटणांवरून मुलाची उंची मोजत, म्हणजे मालकानं वय फुगवलं तरी नोंद खरी राहावी. एवढं करूनही टिकाऊ केंद्रीय कायदा व्हायला १९३८ उजाडलं. त्या टिपणांशिवाय ते फोटो नुसते करुण चेहरे ठरले असते.

संपादक महोदय, आता आपल्याकडं. आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या मुलांना वह्या-दप्तरं वाटतानाचे फोटो, मागं वडिलांची हार घातलेली तसबीर, खाली मुलाचं नाव आणि गाव, हे विदर्भातल्या वृत्तपत्रांतून थांबायला हवं. देणाऱ्याचा फोटो छापा, दप्तराचा छापा, मुलाचा नको. खासगीपण हा करारातल्या कलम १६नं मुलाला दिलेला हक्क आहे, आणि भारत या करारात ११ डिसेंबर १९९२पासून सामील आहे.

दुसरं, बालहक्क सप्ताह नेमका कापूस वेचणीत येतो. ज्यांना या पोस्टरांची गरज सर्वाधिक, ती मुलं त्या आठवड्यात वर्गात नसतात. मेळघाटातली कुटुंबं दिवाळीनंतर बाहेरगावी कामाला गेली की होळीलाच परततात, तेव्हा त्यांच्या मुलांसाठी हेच साहित्य मार्चमध्ये पुन्हा काढलं पाहिजे. आपलं वृत्तपत्र मात्र चहाच्या टपरीवर, जिनिंगच्या फाटकावर, ग्रामपंचायतीत नोव्हेंबरातही पोचतं. त्या आठवड्यात रोज पाव पानाचं कात्रण द्यावं: एक बिनचेहऱ्याचं रेखाचित्र, एक ओळ, खाली कोणाकडं जायचं ते. वर्तमानपत्राच्या कागदावर गडद फोटो मिटतो हे आपल्याला सांगायला नको, त्यामुळं रेखाचित्रच बरं. आणि १०९८ हा क्रमांक पानाच्या घडीवर येणार नाही एवढं मांडणीत पाहावं. खिशात घडी करून ठेवलेल्या कात्रणाची शाई आधी तिथली जाते.

आपले,
बालहक्क प्रशिक्षण साहित्याचं काम करणारे काही शिक्षक व कार्यकर्ते
जि. यवतमाळ